डावरीचे रंग

चिंच भिजत घातली की मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं.

नवरात्र बसलं की आमच्या कांचघरच्या गल्लीत पूर्वी घरोघरची पितळ दारात यायची. आता स्टीलनं बायकांची सुटका केली आहे. तरी देवाची उपकरणी, समई, एक घंघाळ एवढं माझ्याकडे अजून आहे. मी चिंचेचा गोळा कोमट पाण्यात टाकते, तो आंबट, ओला वास वर येतो, आणि माझं वय एकोणीस होतं. एकोणीस वर्षांची, आर्वीहून लग्न होऊन जबलपुरात आलेली, कामाला वाघीण आणि अकलेला... जाऊ द्या. अकलेचं पुढे येईलच.

पासष्ट सालचा तो आश्विन. पाऊस नुकताच गेला होता. सकाळी हवेत गारवा, दुपारी डोकं तापवणारं ऊन, आणि भिंतींच्या पायथ्याशी ओल तशीच. लढाई थांबली असं रेडिओनं सांगितलं होतं, पण तोफांचे गाडे बनवणाऱ्या आमच्या फॅक्टरीला ते कोणी सांगितलं नव्हतं. भोंगा अवेळी वाजायचा. आमचे हे सकाळी सायकल काढायचे ते बारा तासांनी परत यायचे, कधी सोळा. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद कोणी काढले नव्हते, त्यामुळे दिवसाढवळ्या स्वयंपाकघरात चिमणी लावून भाकरी थापायची. मला त्या सगळ्याची मोठी ऐट वाटायची. माहेरी पत्र लिहिताना मी ‘आमची फॅक्टरी’ असं लिहायची, जणू तोफांचे गाडे मीच पोळपाटावर लाटून देत होते.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्याच फॅक्टरीच्या लाकूडकामाच्या शॉपमधून निवृत्त झालेले. लाकडात त्यांचा हात असा की साहेब लोक आपल्या शिकारीच्या रायफली दुरुस्तीला त्यांच्याकडे घरी पाठवायचे. कोणाचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, तडकलेला, कोणाचा झाडावरून पडून तुटलेला. इंग्रज साहेब गेले तेव्हा काही वस्तू मागं राहिल्या. त्यातल्या तीन रायफली रीतसर लायसन्स काढून आमच्या घरात आल्या. मामाजींनी कधी चिमणी मारली नाही. शिकारीला चला म्हटलं की त्यांना जुलाब व्हायचे, असं आत्याबाई सांगायच्या. आत्याबाई माझ्या सासूबाई, कमी बोलायच्या, पण बोलल्या की असं. मामाजींना रायफली पाहायला आवडायच्या, एखाद्याला जुनी गाणी जमवायला आवडावीत तशा.

तिघींपैकी एक त्यांची जीव की प्राण. तिचं नाव डावरी.

विलायतेत एका डावखुऱ्या जंगलसाहेबानं ती मापं देऊन बनवून घेतली होती. मामाजी समजावून सांगायचे. “जसं तुम्ही बाया ब्लाउजचं माप देता ना सूनबाई, तसं. हाताची लांबी, मानेची उंची, गाल कुठं टेकतो, सगळं.” म्हणून तिचा दस्ता किंचित डावीकडे झुकलेला, गाल टेकायचा उंचवटा उजव्या अंगाला. उजव्या हाताच्या माणसानं खांद्याला लावली की ती त्याला परकी समजून हनुवटीला टोचायची. सबंध जगात ती एकाच माणसाच्या अंगाला बसणारी वस्तू होती, आणि तो माणूस बोटीनं निघून गेला होता. तिच्या दस्त्याची तुटलेली टाच मामाजींनी अक्रोडाचा तुकडा घालून सांधली होती. तो जोड नखाला लागत नव्हता. “सापडला तर सांग,” ते म्हणायचे. मी दहा मिनिटं नख फिरवायची आणि हरायची.

पण तिचं खरं रूप लोखंडात होतं. नळी आणि लाकूड जिथं भेटतात तिथं एक लोखंडी पेटी असते, तिच्यात सगळं यंत्र. त्या पेटीवर कोण्या कारागिरानं केसाएवढ्या रेघांनी वेल कोरलेली आणि वेलीत एक चितळ, मान वळवून बघणारं. आणि त्यावर रंग. ते लावलेले नव्हते. हाडांच्या कोळशात लोखंड भाजून एकदम पाण्यात सोडतात, त्यातून उमटलेले. कुठं मोराच्या मानेसारखा निळा, त्याच्या खाली वांग्याचा जांभळा, कडेला कढवलेल्या तुपाचा पिवळा. मामाजी सांगायचे, असे रंग दुसऱ्यांदा तेच येत नाहीत. ज्यानं काढले त्यालाही नाही.

मी हे सगळं आज किती शहाणपणानं सांगून राहिली आहे बघा. त्या वर्षी मला यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मला त्या पेटीवर मळ दिसायचा.

मामाजींना मात्र त्या वर्षी काहीच दिसेनासं झालं होतं. काचबिंदू. उन्हाळ्यात कडा गेल्या, पावसाळ्यात उरलेलं गेलं. डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर येत नसते. त्यांना दु:ख त्याहून वेगळंच होतं. लढाईसाठी जुन्या कारागिरांना परत बोलावत होते; मामाजींनाही निरोप आला, आणि निरोप आणणाऱ्यानं त्यांचे डोळे पाहिले आणि चहा न घेता गेला. भोंगा वाजला की मामाजी पलंगावर उठून बसायचे, पायानं चपला शोधायचे, आणि मग तसेच बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, “सूनबाई, आता मले फक्त दोन गोष्टी दिसते. एक तुह्या सासूचा लग्नातला चेहरा. दुसरे डावरीचे रंग.” आतून आत्याबाई म्हणाल्या, “पहिलं पण डावरीचंच सांगत होते. मी ऐकून राहिली म्हणून बदललं.”

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रायफली पुसायच्या असत. ते काम मामाजींचं. त्यांच्या खालोखाल ह्यांचं. हे फॅक्टरीत अडकलेले. दुपारी मामाजींनी मला हाक मारली. गाठी मारून ठेवलेलं मलमलचं फडकं दिलं, तेलाची कुपी दिली. म्हणाले, “दोन थेंब तेल घेजो, अन् फक्त पुसजो. तुह्या हातात देऊन राहिलो.”

आता काय सांगू. ‘फक्त’ हा शब्द माझ्या कानाला तेव्हा ऐकूच यायचा नाही. वर ‘तुझ्या हातात देतो’ म्हटल्यावर तर माझ्या अंगात आलं. आमच्या माहेरी दसऱ्याला पुसत नसत, घासत. माझ्या आईचं घंघाळ असं चमकायचं की शेजारीण त्यात बघून कुंकू लावायची. मी ठरवलं, या घरानं कधी पाहिली नसेल अशी शस्त्रं उद्या पाटावर मांडायची. आत्याबाई झेंडूची फुलं आणायला जबलपुरातल्याच गोरखपूरच्या बाजाराला गेल्या होत्या. मागच्या अंगणात मी डावरी घेऊन बसले. आधी ती, कारण सगळ्यांत ‘मळकट’ तीच होती. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, नारळाची शेंडी. लाकडाला शिकेकाई.

आणि मळ निघाला. काय निघाला म्हणून सांगू. काळपट, तपकिरी पाणी बोटांवरून मोरीकडे वाहत होतं आणि मी मनात म्हणत होते, अगं बाई, किती वर्षांचं साचलंय, या घरात सुनेची किती गरज होती. भिंतीवरून शेजारच्या भाभीजी डोकावल्या.

“अरे बहू, ये क्या माँज रही हो?”

“बंदूक आहे, भाभीजी. बंदूक.”

“चमक गई, हाँ.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “दादाजी से पूछा था?”

“त्यांनीच तर सांगितलं,” मी म्हटलं. माझ्या मूर्खपणाचा फोटो काढायचा झाला तर तो याच क्षणाचा काढावा. फ्रॉकातून नुकती बाहेर आलेली एक बाई, पदर खोचलेला, कपाळाला राख, मांडीवर अर्धी धुतलेली रायफल, आणि चेहऱ्यावर परमवीरचक्र मिळाल्याचं तेज.

संध्याकाळी हे आले. पायरीवर बसून बूट काढत होते. मी डावरी समोर धरली. पांढरीशुभ्र, ताटासारखी. ह्यांच्या हातात एक बूट होता तो तसाच राहिला.

“हे काहून केलं?”

“पुसून राहिली होती. मळ केवढा होता.”

बूट खाली ठेवून ते हळूच म्हणाले, “तो मळ नव्हता.” आणि पडवीतल्या पलंगाकडे बघितलं, जिथं मामाजी रेडिओला कान लावून बसले होते. मला शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, मघाशी मी तुम्हाला सांगितलं तसं. हाडांचा कोळसा, पाणी, मोराची मान. मी ऐकत होते आणि मोरीतलं पाणी केव्हाच नाल्याला लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच हे शॉपमधल्या दोघा-तिघा जुन्या माणसांना विचारून आले. सगळ्यांचं एकच. ते विलायती काम, त्याचा हात इथं नाही, आणि या दिवसांत भट्टी खासगी कामाला कोण देणार. एवढी मोठी फॅक्टरी. सगळ्या आघाडीला गाडे पुरवणारी. तिला तळहाताएवढा रंग करता येत नव्हता. हे सांगताना यांचा चेहरा असा झाला होता की मला प्रथमच कळलं, आपला नवरा वाटतो तेवढा मोठा नाही, माझ्याएवढाच आहे.

मग मी अक्कल चालवली. कपड्यांना घालायची नीळ खोबरेल तेलात कालवली आणि पेटीला चोपडली. लांबून, डोळे बारीक करून बघितलं तर बरं दिसत होतं.

पडवीत पूजा झाली. पाटावर तिघी मांडलेल्या, वर झेंडू, शेजारी मामाजींच्या पटाशा आणि रंधा. शेजारपाजारचे, फॅक्टरीतले जुने सोबती दर्शनाला आले. दरवर्षीचा रिवाज होता, मामाजी डावरी मांडीवर घ्यायचे आणि एकेक रंग दाखवायचे. त्या वर्षीही घेतली. बोट फिरवत म्हणाले, “इथं बघा, चितळाच्या मागं. मोराची मान. खाली उतरता उतरता वांग्यावर येते. अन् कडेला तूप.”

सगळ्यांनी ती पूर्वी पाहिलेली. शुक्लाजी म्हणून त्यांचे एक सोबती होते, चाळीस वर्षं शेजारच्या बाकावर काम केलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीला टेकून हात जोडून उभे होते, देवाला जोडावेत तसे, पण देवाकडे बघत नव्हते.

“वाह दादा,” शुक्लाजी म्हणाले. “क्या रंग है. वैसा का वैसा.” आवाज एक पट्टी वर होता.

“हो मामाजी,” मी म्हटलं. माझाही.

मामाजींनी मान हलवली. “आहेत म्हणता,” ते म्हणाले, “तर आहेत.”

आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. मग मी पाहिलं, त्यांची बोटं निळी झाली होती. धोतराला पुसणार तेवढ्यात आत्याबाई पुढे झाल्या, त्यांनी ते हात आपल्या पदरात घेतले आणि एकेक बोट पुसून काढलं. “काय झालं?” मामाजींनी विचारलं. “कुंकू लागलं होतं,” आत्याबाई म्हणाल्या. मला त्या त्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं ते निळ्या डागांचं लुगडं मात्र पुढची दोन वर्षं त्या मुद्दाम मलाच धुवायला द्यायच्या.

लोखंडाचं मामाजींना कळलं नाही, पण लाकडाचं कळलं. चार दिवसांनी दस्त्यावर तळवा फिरवून म्हणाले, “लाकूड तहानलं आहे. पाणी लागलं का याले?” मी म्हटलं, दमट हवा आहे. ते म्हणाले, “हो, आश्विनात असते.” आश्विनात, पाऊस संपल्यावर. मग त्यांनी मला जवसाचं तेल आणायला लावलं आणि सबंध हिवाळाभर माझ्याकडून काम करून घेतलं. बोटावर एक थेंब घ्यायचा, लाकडाला लावायचा, आणि तळव्यानं इतकं घासायचं की तळव्याला चटका बसेल. त्या उष्णतेनं तेल आत जातं. मग पुसून ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक थेंब. घाई नाही. “घासायची हौस आहे ना तुले,” ते एकदा म्हणाले, “मग हे घास.” मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे समोरच्या भिंतीकडे, चेहरा जसाच्या तसा.

हळूहळू लाकडाच्या आतून रेघा वर यायला लागल्या. नदीच्या पाण्यावर ऊन पडल्यावर तळातली वाळू दिसावी तशा, सोनेरी आणि काळ्या, एकीत एक गुंतलेल्या. मी तासन्‌तास बघत बसायची. एखादी वस्तू चमकणं आणि एखादी वस्तू दिसणं यात फरक असतो, हे मला तेव्हा कळायला लागलं. ज्या वस्तूवर शिकायला हवं होतं ती मी आधीच धुऊन टाकली होती. लाकूड माफ करतं. लोखंडाच्या रंगाला ते येत नाही.

एकदा मी सांगायला गेले होते. पौषातली दुपार, अंगणात उन्हात आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मामाजींची बोटं शेंगा बघितल्यासारखी सोलायची. मी म्हटलं, “मामाजी, डावरीचं एक सांगायचं होतं.” त्यांचा हात थांबला. तेवढ्यात भोंगा झाला. त्यांनी सवयीनं मान तिकडे वळवली, पाय चपला शोधायला लागले, आणि त्यांचं तोंड एवढं ओसाड झालं की माझी जीभ उचलेना. त्या माणसाला दोनच गोष्टी दिसत होत्या आणि मी त्यातली एक पुसायला निघाले होते, पुन्हा एकदा, स्वच्छतेच्या हौसेपायी. भोंगा संपल्यावर ते म्हणाले, “मटार कोवळे आहेत यंदा.”

“हो,” मी म्हटलं.

पुढे सात खंडेनवम्या ते होते. मधे आणखी एक लढाई झाली, काचांना पुन्हा काळे कागद लागले. दरवर्षी डावरी मांडीवर, दरवर्षी बोट फिरायचं, आणि दरवर्षी रंग वाढत जायचे. तिसऱ्या वर्षी चितळाच्या पायाशी पळसाचा केशरी आला. पाचव्या वर्षी नर्मदेच्या डोहाचा हिरवा. आम्ही सगळे त्या पांढऱ्या, कोऱ्या लोखंडाकडे बघत हो म्हणायचो, आणि खरं सांगते, शेवटी शेवटी मला ते थोडे दिसायला लागले होते. “आहेत म्हणता, तर आहेत,” ते म्हणायचे. आम्ही श्वास सोडायचो. मग प्रसाद.

आता मामाजी नाहीत, आत्याबाई नाहीत, हेही जाऊन बारा वर्षं झाली. लायसन्स ह्यांच्या नावावर होतं. हे गेल्यावर डावरीला सिव्हिल लाइन्समधल्या एका बंदुकीच्या दुकानात जमा करावं लागलं. तोवर ती एकटीच उरली होती, दोघी आधीच दुसऱ्यांच्या घरी गेल्या होत्या. माझ्या नावावर करायची फाईल चालू आहे. फाईल इतकी वर्षं चालू आहे की ती चालत कलकत्त्याला पोचली असती. ऐंशी उलटलेल्या बाईला रायफल कशाला, असं तिथला बाबू विचारतो. बरोबर आहे त्याचं. मी त्याला ‘मला तिची माफी मागायची आहे’ असं कोणत्या रकान्यात लिहून देऊ?

मला आता जाताही येत नाही. मोतीबिंदू काढून झाले, पण डोळ्याच्या पडद्याचं वयामुळे काहीतरी बिघडलं आहे. समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग, आणि जग त्याच्या कडेकडेनं. जाड पेनानं लिहिते आहे, ओळी चढत असतील तर समजून घ्या. माझी नात मुक्ता बँकेत आहे, माझ्याजवळ राहते. दर नवरात्रात ती दुकानात जाऊन डावरीला बघून येते, तेल लावून येते. तसं मीच तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. पणजोबांचे रंग तिला पाठ आहेत, मोराची मान, वांगं, तूप, पळस, डोह. घरात सगळ्यांना पाठ आहेत. चिंचेचं मात्र मी कोणाला सांगितलं नाही. मुक्ताला मराठी समजतं, पण वाचायचा कंटाळा, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

परवा संध्याकाळी ती आली. मी चिंच भिजवून समई घासत बसले होते. अंदाजानं घासते आता.

“मग? पाहिली का?”

“हाँ आजी, गेली होती ना. तेल पण लावलं.”

“कशी आहे?”

“मस्त. बिलकुल तशीच.”

“रंग?”

ती म्हणाली, “मोराच्या मानेसारखा, आजी. एकदम निळा. खाली तो वांग्यासारखा. तू सांगते ना, वैसा का वैसा.” आवाज एक पट्टी वर होता.

माझा हात समईवर थांबला. तो आवाज मी ओळखते. तो शुक्लाजींचा होता, ह्यांचा होता, माझा होता. मी तिला म्हणू शकले असते, बाळ, तो निळा रंग मी स्वत:च्या हातानं मोरीत सोडला आहे, तुझा बाप जन्मायच्या आधी. मग तिला सांगावं लागलं असतं की ती गेलीच नव्हती, दिवसभर बँकेत मान वर करायला वेळ नव्हता. किंवा गेली होती, आणि दुकानाच्या कपाटातून जे निघालं ते आजीला सांगण्यासारखं नव्हतं. गंज. किंवा काहीच नाही. राखाडी डागाच्या कडेला तिची ओढणी दिसत होती, आणि ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती.

“आहेत म्हणतेस,” मी म्हटलं, “तर आहेत.”

तिनं श्वास सोडला. हळूच सोडला, पण मला ऐकू आला. डोळे गेले की कान केवढे होतात, हे मला आता कळतं आहे. त्या पडवीत तर आम्ही वीसेक माणसं असायचो, आणि सगळे एकदम सोडायचो.